आजोबा उठले

आर्विड टोलफसननं कॉफीचा पेला गवतावर ठेवला, पालथ्या घातलेल्या पिवळ्या बादलीवरून तो उठला आणि कोटाच्या खिशातून दुसरा हातही बाहेर काढला. मैदानात त्याच्या हाताखालची पाच मुलं एका ओळीत ओणवी झाली. पाचांचं मिळून वजन एखाद्या जुन्या ट्रॅक्टरच्या आसपास जात असे. त्यातल्या प्रत्येकानं कोणत्या पायानं निघायचं, कोणाच्या बरगडीत खांदा घालायचा आणि कोणाला मुद्दाम सोडून द्यायचं, हे आर्विडनं आठवडाभर घोटून घेतलं होतं.

समोरच्या संघाचा मधला पहारेकरी, बावन्न नंबरचा, काहीतरी ओरडला. चेंडू मागं आला. धावणाऱ्या गड्यानं, लिबाननं, तो पोटाशी धरला आणि जिथं फट असायला हवी होती तिथं तो शिरला. फट नव्हती. फटीच्या जागी बावन्न नंबर उभा होता, सांगितलेल्या वेळेआधी येऊन बसलेल्या पाहुण्यासारखा. त्यानं लिबानला उचलून बाजूला ठेवलं.

"किती सरकलो?" हेड कोच ट्रॅव्हिसनं विचारलं.

"थोडंसं."

"पुढं की मागं?"

"मागं."

ट्रॅव्हिसनं हातवारे करून पुढचा डाव आत कळवला. आता चेंडू फेकायचा. आर्विड बादलीवर बसला, हात खिशात घातले आणि मैदानापलीकडच्या धान्याच्या कोठाराकडं पाहत राहिला. कोठार नेहमीच्या जागी होतं. चेंडू उडाला, चांगला उंच गेला, दिसलाही छान, आणि कोणाच्याच हातात पडला नाही.

"जवळ होता," ट्रॅव्हिस म्हणाला.

"कशाच्या?" आर्विडनं विचारलं.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याच्या हवाली करायचा. एवढ्या साध्या नियमावरून माणसांत दोन पंथ पडलेले होते. एक पंथ चेंडू फेकतो, दुसरा तो काखेत मारून धावतो. ट्रॅव्हिस पहिल्या पंथाचा होता. टेक्सासचा, चौतिशीतला, भरपूर दात असलेला आणि ते दाखवायला कधी ना नसलेला. दुसरा पंथ मिनेसोटाच्या या पश्चिम कोपऱ्यातल्या लहान कॉलेजात आता एकट्या आर्विडवर येऊन ठेपला होता. तो आघाडीच्या फळीचा कोच होता. म्हणजे त्या पाच मुलांचा. त्याच्या आधी ही फळी त्याच्याच घरातला एक दुसरा टोलफसन शिकवत असे, आणि त्या टोलफसननं उभ्या जन्मात फेकण्याचा एकच डाव सांगितला होता, तोही चुकून, असं गावात अजून सांगतात.

फेकलेला चेंडू हवेत असतो तेव्हा तो कोणाचाच नसतो, आणि जे कोणाचंच नाही त्याच्या भरवशावर बसणं चर्चला जाणाऱ्या ल्यूथरन माणसाला शोभत नाही, असं आर्विड म्हणे. पण खरं कारण ते नव्हतं. चेंडू फेकायचा असला की त्याच्या पाच मुलांना मागं मागं सरकावं लागे, दारावर आलेल्या विमा एजंटाला थोपवत घरात जावं तसं, हात पुढं करून, एकेक पाऊल. धावायचं असलं की ती पुढं जात. त्यांची नावं लाउडस्पीकरवर कधी पुकारली जात नसत. पुकारली तर चूक केल्यावरच. पुढं जायला मिळणं, एवढंच काय ते त्यांच्या वाट्याला येई.

त्यातही आर्विडचा जीव एका डावावर होता. त्याला तो सापळा म्हणे. समोरच्या फळीतला सगळ्यात आडदांड गडी हेरायचा, आणि त्याला अडवायचंच नाही. त्याच्यापुढचं दार सताड उघडं ठेवायचं. तो बिचारा आपण किती हुशार म्हणत आत घुसतो. तेवढ्यात ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून आपल्या पाचांतला एक, ज्याला गार्ड म्हणतात, वाकून धावत येतो आणि त्याला बाजूनं असा ठोकतो की दार तर उघडंच राहतं आणि पाहुणा तेवढा नाहीसा होतो. त्या दारातून लिबाननं निघून जायचं. या डावात ताकदीपेक्षा आदरातिथ्य जास्त लागतं, असं आर्विड दर वर्षी नव्या मुलांना सांगे. नवी मुलं हसायचं की नाही ते त्याच्या चेहऱ्यावरून ठरवू पाहत, आणि मग हसत नसत.

गुरुवारी ट्रॅव्हिसनं त्याला खोलीत बोलावून दार लावून घेतलं होतं.

"आर्विड, पुढच्या वर्षी आपण फेकणार. सगळं सगळं फेकणार. धावायचे डाव मी आपल्या डावांच्या पुस्तकातून काढून टाकतोय."

"सगळे?"

"शनिवारी चालले तर ठेवू. नाही चालले तर..." ट्रॅव्हिसनं दात दाखवले. "तुम्ही राहणारच आहात हो! किक मारणाऱ्या पोरांना बघा तुम्ही."

"सापळाही काढणार?"

"सापळ्याला आता कोण फसतं, आर्विड?"

"बरं आहे," आर्विड म्हणाला होता.

त्या मुलखात 'बरं आहे' हे उत्तर मुलीच्या साखरपुड्यापासून गोठ्याला लागलेल्या आगीपर्यंत कुठंही चालतं. ट्रॅव्हिसला वाटलं, चला, माणूस मनाला लावून घेत नाही. घरी आर्विडनं बायकोला, आर्डिसला, जेवताना सांगितलं. तिनं ओव्हनमधल्या बटाट्याच्या हॉटडिशचा कडेचा कुरकुरीत भाग, जो ती एरवी स्वतःला ठेवी, उचलून त्याच्या ताटात घातला. इतकं उघड सांत्वन त्या घरात बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

आणि आज शनिवार होता. मोसमातला शेवटचा सामना, नदीपलीकडच्या कॉलेजशी. या सामन्यात जिंकणाऱ्याला लेफ्से लाटायचं एक जुनं लाकडी लाटणं मिळे. लेफ्से म्हणजे बटाट्याची पातळ पोळी, आणि ती नदीच्या कोणत्या तीरावर जास्त पातळ लाटली जाते यावरून दोन्ही गावांत चार पिढ्या बोलणं धड नव्हतं. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा लाटणं नदीपलीकडं चाललं होतं. चार गुणांनी. धावून मिळवलेले यार्ड सांगावेत असे नव्हतेच.

कपडे बदलायच्या खोलीत मुलांच्या अंगातून वाफा निघत होत्या. ट्रॅव्हिस फळ्यावर बाण काढत होता, आणि सगळे बाण हवेतून जाणारे होते. आर्विड आपल्या पाच मुलांसमोर उभा राहिला.

"तुम्ही बरोबर करताय," तो म्हणाला. "पाय बरोबर पडतायत. कोपरं आत आहेत. तरी तो बावन्न नंबर तुमच्याआधी तिथं पोचतो. का?"

शेवटी लेलँड, जो सेंटर होता, म्हणजे ज्याच्या दोन पायांमधून चेंडू मागं जाऊन प्रत्येक डाव सुरू होई, त्यानं घसा खाकरला.

"कोच, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"मी कधी रागावलोय?"

लेलँडनं खरोखरच आठवून पाहिलं. "तुमचं कळत नाही, कोच."

"बोल."

"ते बावन्न नंबरवालं येडं दर वेळी ओरडतं. 'आजोबा उठले, आजोबा उठले' म्हणून."

"कोणाचे आजोबा?"

खोलीत एकदम सगळ्यांना आपापल्या बुटांच्या नाड्या दिसू लागल्या. लिबान तर आधीच सुटलेली नाडी पुन्हा सोडू लागला.

"तसे कोणाचेच नाहीत," लेलँड म्हणाला. "म्हणजे... तुम्हीच, कोच."

आर्विडनं त्याला पुढं बोलायची खूण केली.

"मला आधी वाटलं, डिवचतोय. पण फेकायचं असलं की तो 'आजोबा बसले' म्हणतो. आणि तो ओरडला की त्यांची सगळी पोरं सरकतात. उठले म्हटलं की पुढं येतात. बसले म्हटलं की मागं."

"हे तू आत्ता सांगतोयस?" ट्रॅव्हिस फळ्याकडून ओरडला.

"मला वाटलं, कोचना वाईट वाटेल."

ट्रॅव्हिसनं टॅबलेट उघडला. सामन्याआधी दोन्ही कॉलेजांनी आपापल्या मागच्या खेळाची चित्रफीत एकमेकांना द्यायची, अशी या भागातली रीत होती. आपल्या कॉलेजची चित्रफीत दर रविवारी, चर्चहून आल्यावर, आर्विड स्वतःच पाठवत असे. ट्रॅव्हिसनं तीच लावली. सगळे भोवती जमले. आर्विडनं चष्मा लावला.

चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पिवळी बादली होती. बादलीवर एक म्हातारा होता. लिबान धावणार असला की म्हातारा पेला खाली ठेवी, उठे आणि खिशातून हात काढी. चेंडू उडणार असला की बसे, हात खिशात घाली आणि कोठाराकडं पाही. डाव सुरू व्हायच्या आधी, दर वेळी, एकही खाडा नाही.

"अरे देवा!" ट्रॅव्हिस म्हणाला. "अख्खं पुस्तक दाखवताय की तुम्ही त्यांना."

आर्विडच्या चेहऱ्याविषयी गावाला अभिमान होता. चर्चच्या तळघरात पत्ते खेळताना त्याच्या हातात काय आहे हे कोणाला कधी कळलं नव्हतं. लग्नाच्या फोटोत तो दाढ काढायला नंबर लावून बसल्यासारखा दिसे. गेल्या वर्षी त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा डॉक्टरांनी, दुखतंय का, हे शेवटी आर्डिसला विचारलं होतं. हा चेहरा चित्रफितीतही जसाच्या तसा होता. पण त्याच्याखाली जो माणूस होता तो लिबानच्या प्रत्येक धावेला सर्कशीला निघालेल्या पोरासारखा उठत होता. आंघोळ करताना कोणी पाहिलं असावं तसं आर्विडला झालं. त्यानं चष्मा काढून पुसला.

"पुरे," तो म्हणाला.

"छे, पुरे कसं!" ट्रॅव्हिस आता खुशीत आला होता. "उलट करायचं. मी फेकायला सांगितलं की तुम्ही उठायचं. धावायला सांगितलं की बसायचं."

"म्हणजे खोटं वागायचं."

"नाही हो. नुसतं उठायचं आणि बसायचं."

मध्यंतरानंतर पहिल्याच डावाला ट्रॅव्हिसनं कोपरानं ढोसलं. फेकायचं होतं. आर्विड उठला. दाताच्या डॉक्टरनं नाव पुकारल्यावर उठतात तसा.

"आजोबा उठ..." बावन्न नंबर ओरडता ओरडता थांबला. त्यानं शेजाऱ्याला विचारलं, "उठले का रे हे?"

"अर्धे उठलेत," शेजारी म्हणाला.

त्यांचं हे बोलणं चालू असताना चेंडू त्यांच्या डोक्यांवरून गेला आणि कोणीतरी तो झेललाही. ट्रॅव्हिसनं आर्विडच्या पाठीवर थाप मारली. पुढचा डाव धावायचा होता. आर्विड बसला. हात खिशात घातले. कोठाराकडं पाहायचं ठरवलं आणि पाहिलंही. पण लेलँडनं चेंडूवर हात ठेवला, डावीकडच्या गार्डनं बोटं जमिनीला टेकली, आता तो निघणार आणि आडवा धावत जाणार, हे आर्विडला दिसलं, आणि बादलीवरून तो वीतभर वर आला.

"उठतायत! आजोबा उठतायत!"

लिबान चार माणसांखाली गेला.

"बसायचं ठरलं होतं ना!" ट्रॅव्हिस म्हणाला.

"बसलोच होतो."

"वीतभर वर होतात तुम्ही!"

"गुडघा आखडला होता."

ट्रॅव्हिसनं मग एका धष्टपुष्ट राखीव गड्याला आर्विडच्या खांद्यावर हात ठेवून उभं केलं. पुढच्या धावेला आर्विड त्या गड्यासकट उठला. नदीपलीकडच्यांच्या बाकांवरून टाळ्या आल्या.

दोन्ही संघांनी मग आणखी थोडे गुण केले, पण अंतर तेवढंच राहिलं. चार. सूर्य कोठाराच्या मागं गेला आणि मैदानावर त्याची सावली पडली. नोव्हेंबरच्या उन्हात आधीच फारशी ऊब नव्हती, तीही गेली. गुणफलकावर मिनिटं संपून सेकंद उरले. चेंडू अजून आपल्याच अर्ध्यात होता आणि पुढं कितीतरी मैदान पडलं होतं. अशा वेळी जगातला कोणताही कोच चेंडू फेकतो. अशा वेळी आर्विडनंसुद्धा तो फेकला असता. ट्रॅव्हिसनं हातांचा इंग्रजी टी करून खेळ थांबवायची खूण केली आणि बादलीपाशी येऊन गुडघ्यावर बसला.

"आर्विड, मला सापळा हवाय."

आर्विडनं त्याच्याकडं पाहिलं.

"त्यांना वाटतंय आपण फेकणार. सगळे मागं सरकतील. मधे कोणी राहणार नाही. पण तुम्ही उठलात तर संपलं."

"नाही उठणार."

"उठाल हो. तुम्ही बघता म्हणून उठता. बघूच नका."

"म्हणजे?"

"बादली फिरवा. मैदानाकडं पाठ करा. रागावून बसल्यासारखं. ते म्हणतील, आजोबा चिडलेत, म्हणजे नक्की फेकणार."

आर्विडचा पेल्यावरचा अंगठा कडेवरून एकदा फिरला. ट्रॅव्हिसला या माणसाची सवय व्हायला लागली असावी, कारण तो थांबला.

"बघायचंच नाही?"

"एवढं एकदा."

"एकदा म्हणजे हे शेवटचंच की मग."

"जमला तर शेवटचं नाही," ट्रॅव्हिस म्हणाला. "शब्द देतो."

आर्विडनं मैदानाकडं पाहिलं. त्याची पाच मुलं कमरेवर हात ठेवून उभी होती. लेलँडच्या नाकातून रक्त येत होतं आणि तो ते बाहीनं निवांतपणे पुसत होता.

"रागावल्यासारखं कसं दाखवायचं?" आर्विडनं विचारलं.

"तुमच्यात रागावल्यावर काय करतात?"

"काही बोलत नाही."

"आणि आनंद झाल्यावर?"

आर्विडनं विचार केला. "काही बोलत नाही."

"ठीक. मग मीच ओरडतो," ट्रॅव्हिस म्हणाला आणि उभा राहिला. "बास झालं तुमचं धावणं!" तो असा ओरडला की पलीकडच्या बाकांवरच्या माना वळल्या. "दिवसभर ऐकतोय! तिकडं तोंड करून बसा! आता मी फेकणार!"

मागं प्रेक्षकांत एकदम शांतता पसरली. त्या गावात चारचौघांत आवाज चढवायची पद्धत नव्हती. मागं एकदा एका पाहुण्या वक्त्यानं चढवला होता, त्याला पुन्हा बोलावलं नव्हतं. पास्टरच्या बायकोनं डोळे मिटून घेतले. आर्विडनं बादली उचलली, फिरवून ठेवली आणि मैदानाकडं पाठ करून बसला. त्याला खरंच थोडा राग आला, त्यामुळं काम सोपं झालं.

आता त्याच्यासमोर लोक होते. इतकी वर्षं ते त्याच्या पाठीमागं असत, कोणी खोकलं तर ऐकू येई, एवढाच त्यांचा संबंध. घोंगड्या, लोकरी टोप्या, थर्मास. चौथ्या रांगेत, त्याच्या बरोबर समोर, आर्डिस बसली होती. ती प्रत्येक सामन्याला येई आणि संपल्यावर गुडघा कसा आहे ते विचारी. खेळाविषयी मात्र कधी चकार शब्द काढत नसे. तिला त्यातलं फारसं कळत नसावं आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ती येत असावी, असा आर्विडचा समज होता, आणि त्याबद्दल तो तिच्या ऋणातच होता.

पाठीमागं लेलँडचा आवाज आला. मग बावन्न नंबरचा, अगदी आनंदात आलेला.

"आजोबा रुसले! मागं व्हा, मागं व्हा! फेकतायत!"

आर्विडनं हात खिशात घट्ट दाबले.

पहिला आवाज लेलँडच्या खांद्याचा. तो त्याला झोपेतही ओळखता आला असता. मग उजवीकडचे दोन, जवळजवळ एकदम. मग काहीच नाही. एक पूर्ण क्षण काहीच नाही, आणि त्या शांततेतच सगळा सापळा असतो. कोणीतरी उघड्या दारातून आत येत होतं, आणि त्याला कोणी अडवत नव्हतं. आर्विडनं श्वास रोखला. आणि मग आडवा, बाजूनं, एखाद्या ओल्या पोत्यावर फळी मारावी तसा आवाज झाला, अगदी जिथं व्हायला हवा तिथं.

मग त्याला काही ऐकू आलं नाही. कारण लोक उठायला लागले.

आधी त्याच्या समोरचे. मग त्यांच्या डावीकडचे. मग वाद्यवृंदाच्या पोरांशेजारचे, मग जुन्या विद्यार्थ्यांची रांग, जी राष्ट्रगीताला उठली की पुन्हा उठायचं कारण नाही असं मानणारी होती. लिबान जसा त्यांच्यासमोरून जात होता तसे ते उठत होते, आणि आर्विडला यार्डांच्या रेघा दिसत नसतानाही कळत होतं: मध्यरेघ ओलांडली. कोणीतरी मागं लागलंय, कारण तिथल्या बायकांनी तोंडावर हात धरले. सुटला, कारण हात खाली आले. आता खाण्याच्या टपरीसमोरचे उठले. पास्टर उठला. पास्टरची बायको डोळे उघडून उठली. सगळी डोकी एका बाजूला वळली होती, टोप्याच टोप्या, सगळ्या कोपऱ्याकडं.

एक टोपी वळली नव्हती.

आर्डिस बसलेलीच होती. उभ्या राहिलेल्या माणसांच्या कोटांमधून तिचा चेहरा दिसत होता आणि तो सरळ त्याच्याकडं होता. तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. मैदानात काय झालं ते पाहायची तिला घाई नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती अंगणात पक्ष्यांसाठी टाकलेल्या दाण्यांकडं पाही तसं ती पाहत होती: रोजचं, ओळखीचं, आणि तरी आज काय नवं येतंय म्हणून. एवढं मैदान पार करून एक मुलगा धावत चालला होता आणि ती तिकडं पाहत नव्हती, तेव्हा तिनं कधीच तिकडं पाहिलं नसणार. इतकी वर्षं ती त्याच्या पाठीकडंच पाहत आली होती.

आर्विडला आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना. ते खिशातून बाहेर आलेले होते. केव्हा आले, ठाऊक नाही.

लाउडस्पीकरवर लिबानचं नाव पुकारलं गेलं. पाच मुलांचं नाही. ती आपली एकमेकांच्या हेल्मेटांवर हेल्मेटं आपटत परत येत होती, लेलँड सगळ्यांत पुढं, लाल मिशीसकट. शेवटची रेघ ओलांडल्याचे सहा गुण फलकावर चढले. लाटणं नदीच्या या तीरावर राहणार हे आता नक्की होतं. ट्रॅव्हिस धावत आला आणि त्यानं आर्विडला मिठी मारली. आर्विड, त्या मुलखातले पुरुष मिठीत उभे राहतात तसा, म्हणजे खांबासारखा उभा राहून, ती मिठी संपायची वाट पाहत राहिला.

"पाहिलंत? पाहिलंत कसा गेला?"

"नाही."

"अरे हो!" ट्रॅव्हिस हसला. मग त्याचं हसू जरा कमी झालं. तो काही वाईट माणूस नव्हता. "राहिला, आर्विड. सापळा राहिला. बाकीचेही चारदोन ठेवू. शब्द म्हणजे शब्द. पण..."

"पण काय?"

"तुम्हाला असंच बसावं लागेल. पाठ करून. नाहीतर पुढच्या वर्षी सगळ्या कॉलेजांना कळेल. पाठीवरून कोणाला काही कळत नाही."

"काही काही जणांना कळतं," आर्विड म्हणाला.

"काय?"

"काही नाही. सगळे सामने?"

"सगळे. म्हणजे बघा, तुमची मुलं धावणार आणि तुम्हाला दिसणार नाही. हे काही बरोबर नाही, मलाही कळतंय. विचार करून सोमवारी सांगा हवं तर."

प्रेक्षक हळूहळू खाली बसत होते, जरा ओशाळून, आपण इतके का उठलो ते एकमेकांना न विचारता. आर्डिसच्या पुढचा एक उंच माणूस तेवढा अजून उभाच होता आणि कोपऱ्याकडं पाहून टाळ्या वाजवत होता. आर्डिस आर्विडकडं डावीकडून पाहू लागली, मग उजवीकडून. जमेना. तेव्हा तिनं हात पुढं करून त्याच्या खांद्यावर बोटानं टकटक केलं आणि काहीतरी अगदी सभ्यपणानं म्हटलं.

"सोमवार कशाला," आर्विड म्हणाला. "चालेल मला."

आणि तो उंच माणूस बाजूला होईपर्यंत आर्विड तिथंच थांबून राहिला.